निघालेल्याला ‘या’

हायम नवगावकरांची आणि माझी ओळख मी राहतो त्या बेटाएवढ्या देशात, सेरंगूनमधल्या एका भारतीय वाणसामानाच्या दुकानात झाली. कडव्या वालांचं एकच पुडकं उरलं होतं. त्याचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं पांढऱ्या भुवयांच्या एका धिप्पाड म्हाताऱ्याच्या.

“बिरडं सोलता येतं का तुला?” त्यानं सरळ मराठीत विचारलं. मी मराठी आहे हे त्यानं कशावरून ओळखलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

“नाही.”

“मग सोड.”

मी सोडलं. बाहेर पडताना रीतीप्रमाणे नाव-गाव झालं. नवगावकर म्हणजे अलिबागकडचे, एवढं मला माहीत होतं. पुढचा प्रश्न माझ्या तोंडून सवयीनं गेला. “कोकणस्थ का?”

“कोकणस्थच,” म्हातारा म्हणाला. “दोन हजार वर्षं झाली. त्याआधीचं विचारत असशील तर जेरुसलेम.”

मी पायरीवरच थांबलो. कारण माझा पोटापाण्याचा उद्योग मध्ययुगातलं ज्यू तत्त्वज्ञान हा आहे. हे सांगितलं की लोक लगेच बायको काय करते ते विचारतात. बायको, अनुजा, बँकेत आहे. मग त्यांचा जीव भांड्यात पडतो. विद्यापीठात माझ्या प्रकल्पाचं नाव ‘रीझन अँड ट्रस्ट’ असं आहे. पैसे देणाऱ्यांना तो कॉम्प्युटरचा विषय वाटला. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही. तसं करू नये असं बुद्धी सांगते, आणि मी ते श्रद्धेनं पाळतो.

तर बाराव्या शतकात कैरोला एक हकीम होता. दिवसा दरबारातल्या लोकांची दुखणी बघायचा आणि उरलेल्या वेळात देवाचं. त्याचं म्हणणं असं की बुद्धी हीसुद्धा देवाचीच देणगी. तेव्हा ग्रंथातली एखादी गोष्ट बुद्धीला पटत नसेल, तर आपण एकतर बुद्धी नीट वापरत नाही किंवा ग्रंथ नीट वाचत नाही. देव कसा आहे ते सांगता येत नाही, कसा नाही तेवढंच सांगता येतं. आणि ग्रंथात देव ‘आला’, ‘गेला’, ‘उतरला’ असं म्हटलं असेल तिथे पाय शोधत बसू नये. येण्याला दोन अर्थ असतात, एक पायांचा आणि एक बिनपायांचा. ‘येणे’ आणि ‘जाणे’ या दोन क्रियापदांवर मी माझी ऐन उमेदीची वर्षं घालवली आहेत आणि अजून कुठे पोचलेलो नाही.

हायमकाकांच्या पूर्वजांचं नेमकं उलटं झालं होतं. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, असं त्यांच्या समाजात सांगतात. जी थोडी माणसं वाचली त्यांच्या पोथ्या समुद्रात गेल्या. हाताशी उरलं काय, तर एक प्रार्थना, शनिवारची सुट्टी, खवल्यांचेच मासे खायचा नेम आणि एलियाहू नबीवरचा भरवसा. एवढ्या सामानावर त्यांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बंद ठेवले आणि गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. पोथ्याच नसल्यामुळे वाद नव्हते. माझ्याकडे नुसत्या पोथ्या होत्या.

एलियाहू नबी हा मरण न येता स्वर्गात गेलेला माणूस. त्यामुळे त्याचं खालीवर चालू असतं. अलिबागजवळ एका खडकावर त्याच्या घोड्याची टाप उमटली आहे म्हणतात. नवस बोलायचा तो त्याला, आणि फेडायचा तो मलीद्यानं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, पाच फळं, वर गुलाबाचं फूल. ताट मांडायचं, प्रार्थना म्हणायच्या आणि एलियाहूला हाक मारायची. तो येतो. दिसत नाही, पण येतो.

हे सगळं मला सांगितलं ते लीयाकाकूंनी, हायमकाकांच्या बायकोनं. काकांनी सांगितलं नाही, कारण काकांनी ते बघितलेलं नव्हतं.

काका-काकू सेम्बावांगला राहतात. काका चीफ इंजिनियर म्हणून एक जहाज घेऊन तिथल्या गोदीत दुरुस्तीला आले, जहाज गेलं, काका राहिले. बाराव्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमधून सामुद्रधुनी दिसते. दुपारी दमट धुरकट हवेत पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसली जाते आणि जहाजं टांगून ठेवल्यासारखी दिसतात. निघालेली कोणती आणि पोचलेली कोणती, सांगता येत नाही. शनिवारी दुपारी मी चोआ चू कांगच्या माझ्या घरून तिथे विषयाच्या कामासाठी जायचो, म्हणजे जेवायला. जेवण झालं की काकांच्या वेताच्या खुर्चीत बसायचं. वरचा पंखा आठवून आठवून एकेक फेरा घ्यायचा. त्या खुर्चीत जागं राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही.

काका नास्तिक नव्हते. नास्तिकाला निदान एक मत असतं. काकांचा फक्त एक नेम होता, की जे बघितलं नाही त्यावर सही करायची नाही. जहाजाची टाकी दुरुस्त झाली की बाकीचे लोक झाकणावरून वाकून बघत आणि सही करत. काका आत उतरत. बॅटरी दातांत धरून, हातोडीनं पत्रा वाजवत. एकदा कंपनीचा मोठा साहेब म्हणाला, सही करा, जहाज खोळंबलंय. काका म्हणाले, तू उतरून ये, मग तू कर. काकांनी आयुष्यात कोणाला अहो-जाहो केलेलं नाही. कप्तानाला नाही, मालकाला नाही, सासऱ्यालासुद्धा नाही. “इंजिनरूममध्ये आवाज इतका असतो,” ते म्हणायचे, “की आदरार्थी बहुवचन पोचेपर्यंत पाइप फुटतो.”

गेल्या वर्षी काकांच्या हृदयाची बायपास झाली. आत डॉक्टर त्यांचं काम करत होते आणि बाहेर बाकावर लीयाकाकू त्यांचं. हे घरी आले तर मलीदा करीन, त्या बोलल्या, आणि एलियाहूंना हाक दुसरं कोणी मारणार नाही, हे मारतील, स्वतःच्या तोंडानं. तोवर मी मासे खाणार नाही.

काका शुद्धीवर आले. नवस ऐकल्यावर परत जायच्या बेतात होते.

“माझ्या नावावर परस्पर कंत्राट केलंस?”

“बेशुद्ध माणसाला काय विचारणार, कपाळ?”

“मलीदा कर. लोकं बोलव. फळं आणतो, नारळ खवून देतो. पण मी त्याला ‘ये’ कसं म्हणू? ‘ये’ म्हणणं म्हणजे सही. बघितलाय का मी त्याला?”

“त्यांनी तुम्हाला बघितलंय. पुरे झालं.”

तेव्हापासून काकू काकांना रावस तळून वाढायच्या आणि स्वतः समोर बसून वरणभात खायच्या. तोंडातून शब्द नाही. कुर्रकुर्र आवाज काय तो काकांच्या बाजूनं. अलिबागच्या बाईचा हा युक्तिवाद माझ्या हकीमालाही खोडता आला नसता. वर्ष होत आलं तशा त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. काका त्या बांगड्यांकडे बघायचे आणि मग माशाकडे. पण सही करायचे नाहीत.

अशाच एका शनिवारी काकांनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणजे गॅलरीत, ओल्या टॉवेलांमागे.

“धैर्या, तुझा तो हकीम नवसाबद्दल काय म्हणतो?”

हकीमानं आणि त्याच्या परंपरेतल्या शहाण्या लोकांनी यावर जे म्हटलंय ते मी सांगितलं. नवस बोलू नये, आणि बोलला तर फेडल्याशिवाय राहू नये. मी वाक्य पूर्ण बोललो. काकांनी ते स्वल्पविरामापर्यंत ऐकलं.

“ऐकलंस का, लीया!” ते तिथूनच ओरडले. “डॉक्टरेटवाला सांगतोय, नवस बोलूच नये! ग्रंथात आहे!”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मी धावत आत गेलो. शिकलेल्या माणसाला आग विझवायला पाठवलं की तो आधी आगीची व्याख्या करतो.

“काकू, तसं नाही. हकीमाचं म्हणणं एवढंच आहे, की ग्रंथात देवदूत वगैरे माणसांना भेटतात ना, ते सगळं स्वप्नात होतं. प्रत्यक्षात नाही.”

काकूंनी शांतपणे माझ्याकडे बघितलं. “मग झोपा की. अडवलंय कोणी?”

“किंवा असं बघा. ज्या शक्तीनं जग चालतं, तिलाच ते लोक देवदूत म्हणायचे. त्या हिशेबानं काकांचं ऑपरेशन करणारा सर्जन हाही एका अर्थानं...”

“मग त्यालाच बोलावतो मलीद्याला!” काका दारातून म्हणाले. “त्याला मी बघितलाय. त्याच्यासाठी करतो सही.”

“बोलवा,” काकू म्हणाल्या. “त्याच्यासाठी वेगळं पान मांडीन. पण हाक आधी ज्यांची आहे त्यांना.”

घरी येऊन मी अनुजाला हा प्रसंग सांगितला. ती म्हणाली, “आठशे वर्षांपूर्वी गेलेला माणूस सेम्बावांगमधला संसार मोडतोय, आणि तू त्याचा एजंट.” आमची मुलगी ऋग्वेदा इथल्या शाळेत शिकते. तिनं मोबाइलमधून डोकं वर काढून इथल्या पोरांच्या हेलात विचारलं, “जस्ट से ‘कम’ लाह, व्हॉट्स द प्रॉब्लेम?” तिला मी बराच वेळ प्रॉब्लेम समजावून सांगितला. तोवर तिनं डोकं परत खाली घातलं होतं.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. आवाज असा, की कुठल्या तरी टाकीत पाणी शिरलंय.

“धैर्या, ती ‘जाते’ म्हणाली.”

“कुठे?”

“खाली. दूध आणायला.”

“मग?”

“अरे, दूध आणायला निघाली, दारात उभी राहिली, आणि ‘जाते’ म्हणाली!”

आता हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. सामान हातात असतं, पाठ घराकडे असते, पाय जिन्याकडे असतात, आणि तोंडानं ‘येतो’. तर्काच्या दृष्टीनं हे धडधडीत खोटं आहे आणि आजवर कोणी ते खोटं म्हणून पकडलेलं नाही. ‘जातो’ म्हणणारा माणूस खरं बोलतो आणि आई त्याला तिथेच एक धपाटा घालते. काकूंनी पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदा दारात खरं सांगितलं होतं.

पुढच्या शनिवारी गेलो तर पलंगावर बॅग उघडी होती. काकू ठाण्याला बहिणीकडे निघाल्या होत्या. रविवारी दुपारचं विमान.

“परत कधी?” मी विचारलं.

“जायचं तिकीट काढलंय,” त्या म्हणाल्या आणि साडीची घडी घातली.

जेवायला बसलो. काकांनी पापलेट ताटात बाजूला सारून ठेवलं. नंतर मी खुर्चीत बसलो आणि समुद्राकडे बघत होतो, एवढं आठवतं. एक जहाज अर्धं पाण्यात आणि अर्धं आभाळात होतं.

मी इमारतीच्या खाली उभा होतो, त्या मोकळ्या जागेत, जिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. शून्याचं अंगण. दुपार होती, पण उन्हाचा रंग गुळाच्या पाकासारखा होता आणि ते खांबांवरून हळूहळू ओघळत होतं. सायकली लावायच्या जागी एक पांढरा घोडा बांधला होता. शेजारी मनाई केलेल्या गोष्टींचा फलक होता. फुटबॉल नाही, सायकल चालवणं नाही, फेरीवाले नाहीत. मी तो दोनदा वाचला. घोड्याबद्दल काही नव्हतं. घोड्याच्या पाठीवर पाण्याचे थेंब होते, समुद्रातून आल्यासारखे. लिफ्टपाशी एक माणूस उभा होता. त्याच्याकडे पाठीमागून प्रकाश येत होता, की त्याच्यातून, ते कळत नव्हतं. तो माझ्याकडे वळला आणि त्यानं अलिबागकडच्या हेलात विचारलं, “नवगावकर कितव्या मजल्यावर?”

मला उत्तर येत होतं. मला इतका आनंद झाला की विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला माझ्या विषयातला असा प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर एका शब्दाचं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “पहिल्या नाही.”

तो थांबला.

“दुसऱ्या नाही,” मी म्हणालो. “तिसऱ्या नाही.” मला थांबता येईना. तो मान किंचित कलती करून ऐकत होता, फार सभ्यपणे. ऊन ओघळत जमिनीपर्यंत पोचलं. घोडा फुरफुरला. मी नवव्याला नाही म्हणत असताना लिफ्टचं दार उघडलं, त्यानं आत पाय ठेवला, बटणांच्या रांगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दार मिटलं. दाराला पाण्याचा वास येत होता. “बारा!” मी ओरडलो.

“काय बारा?” काकू म्हणाल्या. हातात चहाचा कप होता. मी खुर्चीत होतो.

मी त्यांना स्वप्न सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्या चहाचा कप धरून उभ्या होत्या आणि बॅग भरून झाली होती. त्यांनी एकाग्रपणे ऐकलं.

“मग मजला सांगितलास की नाही?”

“सांगणारच होतो. दार मिटलं.”

“शिकलेल्या माणसाला पत्ता विचारू नये,” त्या स्वतःशी म्हणाल्या, आणि कप माझ्या हातात न देताच आत घेऊन गेल्या.

काका गॅलरीतून ऐकत होते. मी निघताना फक्त म्हणाले, “घोडा भिजलेला होता?”

“पाठीवर थेंब होते.”

“हं,” काका म्हणाले. त्यांचा तो ‘हं’ मी ओळखतो. पत्रा वाजवल्यावर वेगळा आवाज आला की म्हणायचे.

रविवारी काकूंना विमानतळावर पोचवायचं माझ्याकडे होतं. काका कधीच पोचवायला जात नाहीत. जहाजावरच्या माणसानं आणायला जावं, पोचवायला जाऊ नये, अशी त्यांची समजूत. हिला आधार काय, असं मी त्यांना कधी विचारलेलं नाही.

दार उघडंच होतं. आत शिरलो आणि ड्युरियन नावाच्या इथल्या काटेरी फळाचा उग्र वास अंगावर आला.

बैठकीच्या मेजावर ताट मांडलं होतं. काकांनी मलीदा केला होता. स्वतः. पहाटे उठून पातळ पोहे भिजत घातले होते आणि भिजत घातलेल्या वस्तूला वेळ द्यावा लागतो या समजुतीनं ते तसेच ठेवले होते. जहाजाच्या पत्र्याची जाडी बोटानं सांगणाऱ्या माणसाला पोह्यांत पातळ आणि जाड असे दोन प्रकार असतात हे माहीत नव्हतं. ताटात खोबरं घातलेली लापशी होती. भोवती फळं होती. केळी, पपई, मँगोस्टीन, ड्रॅगन फ्रूट आणि एक अख्खा ड्युरियन, काट्यांसकट. गुलाबाच्या जागी ऑर्किड.

काकू बॅग धरून उभ्या होत्या आणि ताटाकडे बघत होत्या.

“एलियाहू ड्रॅगन फ्रूट खात नाहीत,” त्या म्हणाल्या.

“तुला काय माहीत? विचारलंस?”

“आणि हे काटेरी? प्रार्थनेच्या ताटात?”

“याचा वास सात मजले जातो. पत्ता शोधायला बरं पडेल. हा धैर्या तर कोणाला धड सांगत नाही.”

काकूंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण त्यांनी ते बसू दिलं नाही. पदर डोक्यावर घेतला आणि त्या सोफ्याच्या टोकावर बसल्या, बॅगेचं हँडल हातातच. मीही बसलो. काकांनी टोपी घातली, डोळ्यांना चष्मा लावला आणि प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. आवाज खर्जातला, अडखळत नव्हता. बापाकडून ऐकलेलं त्यांना सगळं पाठ होतं. अर्थाबद्दल त्यांनी कधी हमी घेतलेली नव्हती, शब्दांबद्दल होती. पंखा फिरत होता. समुद्रावरून धुरकट उजेड आत येत होता आणि ताटातल्या ऑर्किडवर थांबत होता. शब्द लाटांसारखे येत होते. मला त्यातला निम्माअधिक अर्थ कळत होता आणि पहिल्यांदाच त्यानं काही फरक पडत नव्हता.

मग प्रार्थना संपली. आता हाक.

काकांनी तोंड उघडलं. मिटलं. चष्मा काढला, पुसला, घातला. पन्नास वर्षं हातोडीनं पत्रे वाजवून बघितलेला माणूस रिकाम्या जागेकडे बघत होता आणि तिला वाजवून बघायची सोय नव्हती. मी मनातल्या मनात म्हणालो, म्हणा हो, एक अक्षर आहे. पण माझाही हकीम मागे उभा राहून सांगत होता, की जे माहीत नाही ते आहे म्हणू नये. आम्ही तिघे पुरुष एका बाजूला होतो आणि काकू एकट्या.

माझा फोन वाजला. टॅक्सी खाली आली होती.

“नाही येत,” काका म्हणाले. एवढ्या हळू, की प्रार्थनेचाच भाग वाटला. “लीया, खोटं नाही येत मला. बाकी काय सांगशील ते करतो.”

काकूंनी बॅगेचं हँडल सोडलं. उठल्या, पदर सारखा केला. मी बॅग घेतली. त्या दारापर्यंत गेल्या. बाहेरचा कॉरिडॉर लांबच लांब रिकामा होता, दुसऱ्या टोकाला आभाळ होतं. तिकडून वारा आला, थंड, खारा. दारातलं पायपुसणं जरा उचललं गेलं आणि ताटातलं ऑर्किड कलंडलं. काकूंनी चपला घातल्या. त्या वळल्या. त्यांचे ओठ ‘जाते’मधल्या ‘जा’साठी उघडलेले मी बघितले.

काका ताटापाशीच बसून होते. दाराकडे बघत होते. कोणी दारात उभं राहिलं की यजमानाच्या तोंडून जे आपोआप निघतं ते त्यांच्या तोंडून निघालं.

“बरंय,” ते म्हणाले. “या.”

काकूंचा ‘जा’ तोंडातच राहिला.

कुठेतरी खाली लिफ्ट सुरू झाल्याचा आवाज आला. काकू काकांकडे बघत होत्या. काका दाराकडे बघत होते, पण काकूंकडे नाही, त्यांच्या किंचित बाजूला.

“कोणाला म्हणालात?” काकूंनी विचारलं.

“निघालेल्याला.”

“मला तुम्ही ‘ये’ म्हणता.”

“हो.”

“ह्यालाही ‘ये’ म्हणता.” हा म्हणजे मी.

“हो.”

“जन्मात कोणाला ‘या’ म्हटलं नाहीत. माझ्या वडिलांनासुद्धा नाही. मांडवात ‘ये, बस’ म्हणालात त्यांना. मग आत्ता ‘या’ कोणाला?”

काका जरा वेळ विचार करत होते. ते खरंच विचार करत होते. आपल्याच तोंडून निघालेली वस्तू ते उलटसुलट करून बघत होते.

“बोलावलं मी कोणाला नाही,” शेवटी ते म्हणाले. “त्यावर मी सही केलेली नाही, सांगून ठेवतो. पण तू म्हणतेस तसा कोणी आलाच असेल, ऑपरेशनच्या वेळी म्हण, नाहीतर आत्ता म्हण, तर तो कधीतरी निघणारच की. आणि निघालेल्या माणसाला ‘या’ म्हणायला तो बघितलेला असायला लागत नाही. रीत आहे ती.”

“निरोप दिलात म्हणजे.”

“निरोपच दिला.”

“‘या’ म्हणून.”

“दुसरं काय म्हणतात?”

मी बॅग खाली ठेवली. येण्याला दोन अर्थ असतात हे मी पंधरा वर्षं लोकांना सांगत होतो. ते दोन्ही एकाच अक्षरात, एकाच दारात, एकाच वेळी खरे असलेले मी कधी बघितले नव्हते. काकांनी पाहुण्याला वाटेला लावलं होतं आणि काकूंनी तो आत येताना ऐकला होता, आणि दोघांपैकी कोणीही खोटं बोललेलं नव्हतं. यावर एक निबंध सहज झाला असता. पण तो कोणाला दाखवणार?

काकूंनी चपला काढल्या. परत आत आल्या, ताटापाशी वाकल्या आणि चिमूटभर लापशी तोंडात घातली.

“लगदा झालाय,” त्या म्हणाल्या.

“पोहेच तसले होते.”

“गूळ कमी आहे.”

“परत आलीस की कर तुझ्या हातानं.”

काकू उठल्या. कलंडलेलं ऑर्किड सरळ केलं. जाता जाता काकांच्या टोपीला हात लावून तीही सरळ केली, जी सरळच होती. काकांनी त्यांच्या बांगड्यांकडे बघितलं आणि मग खिडकीकडे.

त्या परत दारात गेल्या, चपला घातल्या आणि वळल्या.

“येते,” त्या म्हणाल्या.

“ये,” काका म्हणाले. एकवचनात, खिडकीकडे बघत, जहाजांना म्हटल्यासारखं.

कॉरिडॉरमध्ये आम्ही चालत होतो तेव्हा काकूंनी विचारलं, “विमानात मासे देतात का रे?”

“आधी सांगून ठेवावे लागतात. आता उशीर झाला.”

“मग ठाण्यालाच. बहिणीला फोन करून सांग, पापलेट आणून ठेव म्हणावं.”

लिफ्ट आमच्या मजल्यावर येऊन आधीच थांबलेली होती. बटण कोणी दाबलेलं नव्हतं. दार उघडं होतं आणि आत ड्युरियनचा वास होता, थोडा समुद्राचाही. आम्ही आत गेलो. आत आम्ही दोघंच होतो. तरी काकू एका कडेला सरकून उभ्या राहिल्या, गर्दीत राहतात तशा, पदर आवरून.

मीही बॅग पायांशी घेतली आणि पोट आत ओढलं.